उकिरड्याची वहिवाट

वार सोमवार. दिवाळी होऊन पंधरवडा उलटलेला, सकाळी नळाचं पाणी येऊन गेल्यानंतरची वेळ. हजर माणसं अशी: आमच्या ओट्यावर खुर्चीत आबा, म्हणजे माझे वडील, उजव्या पावलाला बँडेज. शेजारी आई, हातात कचऱ्याची निळी बादली. समोरच्या ओट्यावर बबनकाका, आबांचे चुलतभाऊ, हातात काठोकाठ भरलेलं घमेलं. त्यांच्यामागे दारात मंगलकाकू, पदर नाकाला. गल्लीत ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर, ट्रॉलीत उभे दगडूभाऊ. दोन्ही घरांच्या मधोमध मी. आणि माझ्या पाठीशी, दोन्ही भिंतींना टेकलेला, कंबरेएवढा आमचा उकिरडा. ज्यांचा या भांडणाशी संबंध होता त्यांतलं गैरहजर कुणीच नव्हतं. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे कित्येक वर्षं त्या सकाळच्या दोन वेगळ्या हकिगती दोन घरांत सांगितल्या गेल्या, प्रत्येकीत चूक समोरच्याचीच, आणि दोन्ही खोट्या होत्या.

मंचरला मुख्य रस्त्याच्या मागच्या अंगाला आमची गल्ली. पुढून हायवेचे हॉर्न, मागून बाजार आवारातल्या लिलावाचा गलका, आणि हंगामात सगळ्या गल्लीवर कांद्याचा उग्र वास. आबा एका आडत्याकडे दिवाणजी होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, चालण्यात घाई. अवसरी बुद्रुकला आमची थोडी जमीन. आजोबा आणि बबनकाकांचे वडील सख्खे भाऊ. त्यांची वाटणी झाली तेव्हा घर वाटलं, जमीन वाटली, तांब्याची घंगाळीसुद्धा वाटली. मधल्या उकिरड्याचं कुणी नाव काढलं नाही. काढायचं कारणच नव्हतं. दोन्ही घरच्या म्हशींचं शेण तिथं पडायचं आणि उन्हाळ्यात दोन्ही घरचं खत गाडीत भरून अवसरीला जायचं. दिवाळीत त्यावर पणती लागायची, अलीकडच्या कडेला आमची, पलीकडच्या कडेला काकूची. लहानपणी मला त्या उकिरड्याची किळस आल्याचं आठवत नाही. शेण, चुलीतली राख, पालापाचोळा, भाजीची देठं. वरून कोंबड्या उकरताहेत आणि पावसाळ्यात कडेनं भोपळ्याचा वेल आपोआप उगवून आलाय. घरातली निरुपयोगी वस्तू तिथं जायची आणि वर्षानं शेतात कामाला यायची. आज लोक ओल्या कचऱ्याचं खत करायला शिकवणारे वर्ग भरवतात. मी जाऊन आले. त्यांनी सांगितलेलं सगळं आमच्या आजीला येत होतं.

मग म्हशी गेल्या. जमीन वाट्यानं दिली. खत न्यायचं कारण संपलं, पण उकिरडा राहिला, आणि त्याच सुमाराला गल्लीतल्या जागांना भाव आला. ज्याच्या घरापुढे चार पावलं जास्तीची होती त्यानं शटर लावून गाळा काढला. आमच्या दोन घरांमधल्या त्या पट्ट्यात एक गाळा आरामात बसला असता. हे आबांना दिसत होतं आणि बबनकाकांनाही दिसत होतं. कागदावर ती जागा कुणाचीच नव्हती. म्हणजे ज्याची वहिवाट त्याची, असं दोघांनी आपापलं ठरवून टाकलं. आणि वहिवाट म्हणजे काय, तर कचरा टाकणं.

ग्रामपंचायतीनं घंटागाडी सुरू केली तेव्हा माझं कॉलेज चालू होतं. मला झालेला आनंद मी अजून विसरलेले नाही. ट्रॅक्टरला मागे ट्रॉली, ट्रॉलीच्या कडेला शाळेसारखी पितळी घंटा. रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी टोला पडला की बायका बादल्या घेऊन धावत. मी बाजारातून निळी झाकणाची बादली आणली, स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली, आईला कुठला कचरा कशात ते समजावलं. आबांनी बादलीकडे बघितलं.

"ही कशाला?"

"गाडीत टाकायला."

"गाडीत न्हाई टाकायचा. कचरा गाडीत गेला की जागा मोकळी पडली. मोकळी पडली की बबन भिंत घालणार. मग तू जाशील कोर्टात नाचत?"

"आणि त्यांनी गाडीत टाकला तर?"

"टाकू दे की. मग मी भिंत घालीन."

समोरच्या घरातही हेच बोलणं झालं असणार, कारण गल्लीतल्या सगळ्या घरांची बादली ट्रॉलीत रिकामी व्हायची, फक्त आमची दोन घरं सोडून. दगडूभाऊ रोज आमच्या दारात घंटा जरा जास्तच जोरात वाजवायचे. "वहिनी, हाय का काय?" आई आतून म्हणायची, "न्हाई भाऊ, आज काय निघालंच न्हाई." रोज घरात चार माणसं जेवत होती आणि काही निघत नव्हतं.

खरा वैताग पुढेच. आमच्या घरात कचरा कमी पडायला लागला. मी आणि माझी धाकटी बहीण दिवसभर बाहेर, आईचा स्वयंपाक टापटिपीचा. देठं आणि टरफलं मिळून किती निघणार? तिकडे बबनकाकांचा हायवेवर वडापावचा गाडा. रोज संध्याकाळी त्यांच्याकडून बटाट्याच्या सालींचा ढीग, तळणातला चुरा, उरलेले पाव पडायचे. पलीकडची बाजू फुगत चालली आणि आबा बेचैन झाले. मग ते आडतीतून येताना पोत्यात सडके कांदे, नासके बटाटे भरून आणायला लागले. बाजारातून माणसं भाजी घेऊन घरी येतात. माझे वडील, पांढऱ्या शर्टातले दिवाणजी, खांद्यावर कुजक्या कांद्याचं पोतं घेऊन येत आणि ते आमच्या बाजूनं नीट पसरून ठेवत. एकदा मी विचारलं, "आबा, लोक काय म्हणतील?" ते म्हणाले, "लोकांनी बघावं म्हणूनच दिवसाउजेडी आणतो."

एवढी मेजवानी मांडल्यावर पाहुणे येणारच. आधी उंदीर आले, मग घुशी आल्या. घुशींनी उकिरड्याखालून बोगदे काढले ते थेट आमच्या जोत्यात. न्हाणीच्या कोपऱ्यात माती वर येऊन पडायची. फरशीवर पाय आपटला की पोकळ आवाज यायचा. पत्र्याखालच्या माळ्यावर सदा खुडबूड, कधी एकदम शर्यत लावल्यासारखी धावाधाव. मांजर पाळलं, ते घुशीला बघून बबनकाकांकडे राहायला गेलं. धान्य पत्र्याच्या डब्यांत, भाकरी शिंक्यावर, साबणसुद्धा डब्यात, कारण साबण खातात. आई विषाच्या पुडीचं नाव घरात काढू द्यायची नाही. त्यांना ऐकू जातं आणि मग ती खात नाहीत, असं तिचं पक्कं मत होतं. ती माझ्या कानाशी येऊन कुजबुजायची, "पावण्यांची सोय केलीय, माळ्यावर हात घालू नको." मी पिंजऱ्यात सुकट लाव, भजं लाव, भोकांत काचा भरून सिमेंट लिंप, असं करत राहिले. दर रविवारची माझी कामं ठरलेली: कुठलं भोक बुजवलं, कुठलं नवीन पडलं. एक बुजवावं तर वीतभर अंतरावर दुसरं तयार. बाहेर दोन माणसं टोपल्यांनी खायला घालतायत आणि आत मी चमच्यानं सिमेंट लिंपतेय.

एकदा मढहून आत्या येणार म्हणून आईनं मासवडीचा घाट घातला. तीळ, खोबरं, कांदा भाजून सारण केलं. तो वास घरभर पसरला की आम्ही बहिणी स्वयंपाकघराभोवती घिरट्या घालायचो. पीठ हाटायला घेण्याआधी आई परातीवर झाकण ठेवून दाराशी आत्याला घ्यायला गेली. परत आली तर झाकण सरकलेलं आणि सारणात नखांचे माग. आईनं ती परात उचलली, मागच्या दारानं गेली आणि सगळं सारण उकिरड्यावर ओतलं. ज्यांनी नासवलं त्यांनाच वाढलं. मी ओरडले, "अगं, तिथं कशाला?" ती म्हणाली, "मग कुठं टाकू? गाडी सकाळीच गेली." आत्यानं त्या दिवशी पिठलं-भाकरी खाल्ली आणि जाताना आबांना ऐकवलं, "दादा, आमच्या मढला रानात एवढं उंदीर न्हाईत रं."

आबांना साखर होती. गोळी घ्यायचे, चहा बिनसाखरेचा आणि आडतीत कुणी पेढा दिला तर तोही घ्यायचे. पायांना मुंग्या येतात म्हणायचे, नंतर ते म्हणणंही बंद झालं. आम्हाला वाटलं, बरं वाटतंय. दिवाळीच्या फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचे होते, अशा एका सकाळी मी त्यांचं अंथरूण काढायला गेले तर गोधडीला पायाकडे रक्त. आबा ओट्यावर बसून दाढी करत होते.

"आबा, पायाला काय लागलंय?"

"कुठं काय?" त्यांनी पाय उचलून बघितला. उजव्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या टोकाचं मांस नव्हतं. ते बघत राहिले, दुसऱ्याच कुणाचा पाय बघावा तसे. "ठेच लागली आसंल," म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा काढून जखम जवळून पाहिली. "ही ठेच नाही. कुरतडलंय. उंदरानं, नाहीतर घुशीनं. तुम्हाला कळलं नाही?"

"न्हाई."

"काहीच?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. साखरेनं पायाची संवेदना गेली आहे, झोपेत खाल्लं तरी कळणार नाही, पुन्हा असं झालं आणि जखम चिघळली तर पाय काढावा लागेल. "औषध मी देतो. पण आधी घरातले उंदीर घालवा." रिक्षात आबा पावलाकडे बघत बसले होते. मी त्यांना कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. मला वाटलं, चला, आता तरी हा प्रश्न सुटला.

मी तडक बबनकाकांकडे गेले. काकांना खरंच वाईट वाटलं. काकूनं कपाळाला हात लावला. "आगं बया, झोपेत खाल्लं म्हनायचं!" मी म्हटलं, काका, दोन्ही घरांनी टाकणं बंद करू या, भाड्यानं ट्रॉली आणून उकिरडा उचलू या, जागेचं नंतर बघू.

"माझी कुठं ना हाय? दादानं बंद करावं, लगीच मी बंद करतो. थोरल्यानं पायंडा पाडायचा असतो."

हे मी घरी येऊन सांगितलं. आबा पाय उशीवर ठेवून पडले होते. "धाकट्यानं थोरल्याचा मान ठेवायचा असतो. त्यानं आधी बंद करावं."

"आबा, तुमचा पाय आहे."

"पाय माझा हाय म्हणूनच सांगतो. माझा पाय अडलाय बघून तो भाव करतोय."

चार-पाच दिवस मी त्या उकिरड्याला वळसा घालून इकडून तिकडे निरोप नेत राहिले. शेवटी तोडगा निघाला: सोमवारी घंटागाडी आली की दोन्ही घरांनी एकाच वेळी ट्रॉलीत कचरा टाकायचा, आणि मंगळवारी उकिरडा उचलायचा. मंगळवारच्या ट्रॉलीचंसुद्धा मी बोलून ठेवलं. म्हणून ती सोमवारची सकाळ, आणि म्हणून सगळे हजर.

घंटा झाली. आई बादली घेऊन पायरी उतरली आणि थांबली. काका घमेलं घेऊन उतरले आणि थांबले. आईनं आबांकडे बघितलं. आबांनी काकांच्या घमेल्याकडे बघितलं. काका म्हणाले, "टाका की वहिनी."

"तुमी टाका भावजी, तुमचं जड दिसतंय."

"न्हाई, मला पेलतंय."

दगडूभाऊ वरून बघत होते. "अवो, कचरा हाय का लगनाचा हार? दोघांनी एकदमच घाला राव, मी अक्षता टाकतो." गल्ली हसली. काकूसुद्धा पदराआड हसली. मला हसू येत नव्हतं. मी म्हटलं, मी तीन म्हणते, तीनला दोघांनी टाकायचं. एक, दोन, तीन. आईचा हात हलला, काकांचा हात हलला, आणि दोघांनीही समोरच्याचा हात पुरता हललेला नाही हे बघून आपला हात मागे घेतला. ट्रॅक्टरवाल्यानं गियर टाकला. "पुढची गल्ली हाय आमाला."

मी आईच्या हातातून बादली ओढून घेतली आणि ट्रॉलीत उपडी केली. मग काकांपुढे जाऊन उभी राहिले. ते आबांकडे बघत होते. आबा खाली बघत होते. काकांनी घमेलं वर केलं आणि दगडूभाऊंनी ते जवळजवळ हिसकावूनच रिकामं केलं. ट्रॉली गेली. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या दिवशी कॉलेजला चालत नाही, जवळजवळ पळत गेले.

दुपारी परत आले तर आबा उकिरड्याच्या कडेला उभे. बँडेजवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली, एका हातानं भिंत धरलेली, दुसऱ्या हातात छोटं घमेलं. बंबातली राख. ती ते आमच्या बाजूनं, कडेकडेनं, रांगोळी घातल्यासारखी टाकत होते.

"आबा, हे काय?"

"राख हाय. राख कचऱ्यात धरत न्हाईत."

संध्याकाळपर्यंत पलीकडच्या बाजूला शेवग्याच्या छाटलेल्या फांद्या येऊन पडल्या. फांद्याही कचऱ्यात धरत नसाव्यात. मंगळवारी भाड्याची ट्रॉली आली आणि दोन घरांतून कुणीच पुढे होईना म्हणून रिकामी परत गेली. बुधवारी आडतीतल्या हमालाच्या खांद्यावरून आबांचं कांद्याचं पोतं आलं.

पिशवीच्या आत घाम येऊन आबांची जखम ओली राहिली. रात्री पायाला जाड फडकं गुंडाळायचो, खाटेचे पाय पाण्याच्या डब्यांत ठेवले होते, म्हणजे पुन्हा कुणी वर चढलं नाही. पण पहिलीच जखम काळी पडत गेली. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. भूल उतरल्यावर त्यांनी पाणी मागितलं आणि मग मला जवळ बोलावलं. मला वाटलं, पायाचं विचारतील. त्यांनी विचारलं, "बबननं काय टाकलंय का?"

दोन दिवसांनी खुद्द बबनकाका आले, काकूनं केलेला मऊ भात डब्यात घेऊन. बँडेज बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बराच वेळ आबांचा हात हातात धरून बसले. मग आबांनी त्यांनाच विचारलं, "कितपत साचलंय?"

"हाय तेवढंच हाय दादा. तुमची बाजू वहिनी बघत्यात. तुमी काळजी करू नका."

मी आईकडे बघितलं. ती डब्याचं झाकण लावत होती. व्हरांड्यात आल्यावर मी तिला धरलंच. ती एक दिवसाआड मंचरला जात होती, घर बघून येते म्हणायची. घर नव्हे, ती उकिरड्यावर बादली ओतून येत होती. त्या कचऱ्यापायी नवऱ्याची बोटं गेली हे तिला दिसत नव्हतं का, असं मी तिला विचारलं, आवाज चढवून. लोक बघायला लागले. आई हळूच म्हणाली, "ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांना झोप लागंना. सारखं तेच, सारखं तेच. मी टाकत जाईन म्हनलं, तवा कुठं डोळा लागला." माझ्याजवळ प्रत्येक भोकाला सिमेंट होतं, याला नव्हतं.

आबा त्यानंतरही बरीच वर्षं जगले, काठी टेकत, कापलेल्या पायात जाड बूट घालून. त्या बुटानिशी उकिरड्यापर्यंत जायचे. काका आधी गेले. त्यांच्या दहाव्याला आबा सगळ्यांत जास्त रडले, आणि तेराव्यानंतर काकांचा मुलगा संदीप पुण्याहून येऊन दारातला कचरा घंटागाडीत टाकतो की नाही यावर नजर ठेवून राहिले. संदीपनं गाडीत टाकला नाही. त्याला बापानं सांगून ठेवलं होतं.

आता आबाही गेले, दोन्ही घरांतले कर्ते पुरुष संपले, मंगलकाकू संदीपकडे असते, आणि मंचरच्या घरात आई एकटी. माझ्याकडे राहायला येत नाही म्हणते, म्हणून मी दर शनिवारी जाते. गाडी अजून येते, तिची घंटा जाऊन भोंगा आला. आईचा कचरा मी गाडीत टाकायला लावला, त्यावरून पहिल्यांदा ती दोन दिवस जेवली नाही. पण जुना ढीग तसाच आहे. आता त्यात राख नाही, पालापाचोळा नाही. येणारा-जाणारा वरून पिशव्या भिरकावतो, खाली घुशींचं बिऱ्हाड सुखरूप आहे. गेल्या वर्षी आईच्या रक्तात साखर निघाली. मी तिला जाड मोजे आणून दिले. ती म्हणते, उकडतं, पण घालते. शनिवारी गेले की आधी मोजे काढून तिचे तळवे बघते, बोटांमधल्या फटी बघते, मग चहा.

जेसीबीवाल्याशी बोलून झालं आहे. तो एका सकाळीत सगळं उचलून देतो, पण दोन्ही घरचं माणूस समोर उभं असल्याशिवाय बकेट लावणार नाही म्हणतो, उगीच भानगड नको. संदीपला फोन केला. तो चांगला मुलगा आहे, इंजिनिअर आहे. म्हणाला, "ताई, कधीही उचल. फक्त उचलल्यावर मधे कुणी काही बांधायचं नाही, एवढं तू आधी लिहून दे." मी म्हटलं, तू पण दे. तो म्हणाला, "देतो की. तू दिलंस की लगेच." या गोष्टीला दोन पावसाळे झाले. येत्या शनिवारी त्याला पुन्हा फोन करायचा आहे.